बाथरूमच्या भिंतीच्या टाइल्स : स्पेसर १, २ की ३ मिमी?

अर्धी_फरशी
नमस्कार मंडळी. बाथरूमचं काम काढलंय. जुन्या टाइल्स फोडून झाल्या, प्लास्टर झालं, वॉटरप्रूफिंग वाळलं आणि आता गाडं अडलंय ते एक-दोन मिलिमीटरवर : दोन टाइल्समध्ये फट (जॉइंट) किती सोडायची, म्हणजे ती राखणारा प्लास्टिकचा स्पेसर कितीचा लावायचा.

टाइल ३०० × ६०० मिमी, सिरॅमिक, चकचकीत, पांढऱ्यावर फिकट राखाडी रेषा. उभी लावायची आहे. मिस्त्री म्हणतात, "स्पेसर कशाला? पेपर जॉइंट मारून देतो, भिंत एकसंध दिसेल." म्हणजे फट न ठेवता टाइलला टाइल भिडवून. टाइल विकणारा म्हणतो १ मिमी. पेटीतल्या कागदावर किमान २ मिमी छापलंय. मेहुणे स्थापत्य अभियंता आहेत, ते ३च्या खाली यायला तयार नाहीत. आणि बायकोचं म्हणणं एवढंच, की ग्राउटची, म्हणजे फटीत भरायच्या मसाल्याची, रेघ दिसली नाही पाहिजे.

पाच जणांची पाच मतं आणि भिंत एक. तुम्ही काय लावलंत आणि पस्तावलात का, ते सांगा.

शून्य_जॉइंट
पेपर जॉइंट. डोळे मिटून. आमच्याकडे १२ वर्षं झाली, एक टाइल हललेली नाही. रेघ म्हटली की ती काळी पडणार, मग ब्रश घेऊन घासत बसा. रेघच नको, भानगडच नको.

उगाच
आयडी सार्थ आहे.

शून्य_जॉइंट
धन्यवाद. तुमचाही.

करणी_ओळंबा
अर्धी_फरशी, तुम्ही सगळ्यांना विचारलंत, टाइलला विचारलं नाहीत. मी बरीच वर्षं या कामांवर देखरेख करतो. माझा पहिला प्रश्न "किती मिमी" हा कधीच नसतो. टाइलच्या कडा कशा आहेत आणि टाइल-टाइलमध्ये मापाचा फरक किती आहे, हे आधी बघायचं. स्पेसरचा आकडा त्यातून निघतो.

हे घरबसल्या करता येतं. वेगवेगळ्या पेट्यांमधून मिळून १२ टाइल्स काढा. एकाच पेटीतल्या नकोत, त्या बहुधा एकसारख्याच असतात. सपाट जागेवर, म्हणजे ग्रॅनाइटचा ओटा किंवा जाड काच असेल तिथे, पुस्तकं लावतात तशा एकीला एक चिकटवून उभ्या करा. आता वरच्या कडांवरून नख फिरवा. जिथे नख अडकेल तिथे फरक आहे. सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी टाइल शेजारी आणून व्हर्निअरच्या (बारीक मापं घ्यायच्या मोजपट्टीच्या) शेपटीने ती पायरी मोजा. मग टाइल्स आडव्या बाजूवर उभ्या करून तेच पुन्हा.

जो फरक येईल त्याच्या किमान तिप्पट जॉइंट. हा माझ्या मनचा नियम नाही, अमेरिकेच्या एएनएसआय ए१०८ मानकात तो आहे. टाइल कितीही नेमकी असली तरी १/१६ इंच, म्हणजे साधारण १.६ मिमीच्या खाली जाऊ नका, असंही तिथेच म्हटलंय. ब्रिटिश मानक बीएस ५३८५ भिंतीसाठी किमान २ मिमी सांगतं. पेटीतल्या कागदावरचे २ मिमी उगाच आलेले नाहीत.

उगाच
माझं नाव कशाला मध्ये?

रेघोटी
तिप्पटच का? दुप्पट का नाही? आणि "रेक्टिफाइड" म्हणजे नेमकं काय असतं? आम्हाला तो शब्द सांगून वर जास्त पैसे घेतले होते, म्हणून विचारते.

करणी_ओळंबा
रेघोटीताई, टाइल भट्टीत भाजताना आक्रसते, आणि सगळ्या टाइल्स सारख्याच आक्रसत नाहीत. भट्टीतून निघाल्या तशाच पेटीत भरल्या तर त्या साध्या. नंतर चारी कडा घासून ठरलेल्या मापाला आणल्या तर त्या रेक्टिफाइड. ओळखायचं कसं? कडेवरून बोट फिरवा. साध्या टाइलची कड वरून किंचित गोल असते, तिच्यावर ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, थोडं खाली उतरलेलं दिसतं. रेक्टिफाइडची कड काटकोनात, धारदार, फार तर धार किंचित बोथट केलेली.

गोल कडेची एक गंमत लक्षात ठेवा. स्पेसर २ मिमीचा असला तरी दोन्ही बाजूंच्या गोलाईमुळे डोळ्याला रेघ तीन-चार मिमीची दिसते. त्या टाइलला १ मिमी लावलात तरी रेघ बारीक दिसत नाहीच. फट मात्र इतकी अरुंद होते की ग्राउट आत जात नाही. म्हणजे दिसायलाही नाही आणि असायलाही नाही.

तिप्पट कशासाठी? फरक ०.६ असेल आणि जॉइंट १ मिमी ठेवला, तर एका ठिकाणी तो १ दिसेल आणि शेजारी १.६. बारीक रेघ दीडपट झालेली डोळ्याला लगेच खुपते. तीच चूक ३ मिमीच्या रेघेत असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

गुण्या
शून्य_जॉइंट, एक विनंती. १२ वर्षं काही हललं नाही हे मान्य. पण आता उठून बाथरूममध्ये जा आणि खालच्या ओळीतली एक उभी रेघ पकडून नजर वर नेत चला. छतापर्यंत ती सरळ जाते का ते सांगा.

शून्य_जॉइंट
रात्री साडेअकराला?

गुण्या
बाथरूमला वेळ नसते.

टपटप
मी दुसऱ्या बाजूने सांगते. टाइल लावताना सगळे लावण्याचा विचार करतात, काढण्याचा कोणीच करत नाही.

आमच्या शॉवरच्या भिंतीत पाइप गळायला लागला. प्लंबर म्हणाला, एकच टाइल काढावी लागेल, बाकी भिंतीला धक्का नाही. आमचा जॉइंट होता १ मिमी, तोही जेमतेम. एक टाइल सुटी करायची तर चारी बाजूंचं ग्राउट आधी खरवडून काढावं लागतं. थरथरणाऱ्या मशीनला लावायचं पातंच मुळी फटीपेक्षा जाड होतं! कारागिराने हाताने, करवतीच्या पात्याचा तुकडा धरून खरवडायचा प्रयत्न केला. अर्ध्या तासात वीतभर. शेवटी वैतागून त्याने छिन्नी घातली. टाइल निघाली, पण जाताना डावीकडच्या शेजारणीचा कोपरा आणि वरच्या शेजारणीची कड घेऊन गेली. मग त्या दोघी काढल्या. त्यांच्या शेजारणींचे टवके उडाले. एकीच्या जागी पाच टाइल्स लागल्या, आणि आमच्याकडे शिल्लक होत्या चार.

पाचवी टाइल आजही वेगळ्या शेडची आहे. पाहुणे विचारतात, "हे डिझाइन आहे का?" मी हो म्हणते.

नव्या बाथरूमला २ मिमी लावलाय. तीन लावला असता तरी चाललं असतं.

मधली_सुट्टी
टपटप, शेजारणींचा किस्सा भारी! सगळ्या सोसायट्यांमध्ये असंच असतं.

आमच्या जुन्या घरी स्पेसर म्हणून काड्यापेटीतल्या काड्या लावल्या होत्या. काडी साधारण २ मिमी जाड असते, त्यामुळे कल्पना वाईट नाही. पण मिस्त्रींनी त्या काढल्याच नाहीत, वरून व्हाइट सिमेंट फासलं. पाणी पिऊन काड्या फुगल्या आणि जिथे जिथे काडी होती तिथली भरण पोपड्यासारखी सुटली. लहानपणी आंघोळ करताना मी त्या भोकांमधून काड्या उपसायचो. दोनतीनदा गुलासकट निघाली होती.

निशाचर
आमच्याकडे पुठ्ठा होता. लग्नपत्रिकांचा. भिंत फोडली तेव्हा ग्राउटच्या मागून "...यांचे ज्येष्ठ चिरंजीव" निघाले.

उगाच
शुभविवाह टिकला का? टाइलचा विचारतोय.

करणी_ओळंबा
हसण्यावारी नेऊ नका, प्लास्टिकचे स्पेसर आत ठेवले तरी तेच होतं. अधिक-चिन्हासारखा क्रॉस चार टाइल्सच्या कोपऱ्यात सपाट दाबून बसवतात आणि वरून ग्राउट भरतात. तिथे ग्राउटचा थर अगदी पातळ पडतो. तो वेगळ्या गतीने वाळतो, रंग वेगळा दिसतो आणि काही महिन्यांत नेमक्या कोपऱ्याकोपऱ्यांवर अधिक-चिन्हं उमटतात. असं कुठे दिसलं तर समजा, आत स्पेसर झोपलाय.

क्रॉस सपाट बसवूच नका. त्याचा एक पाय फटीत उभा खुपसा, बाकीचा बाहेर राहू द्या. टाइलच्या प्रत्येक बाजूला दोन, कोपऱ्यापासून चार बोटं आत. ६०० मिमीच्या बाजूला तीन. दुसऱ्या दिवशी पकडीने ओढले की सटासट निघतात. निघाल्यावर फटीत वर आलेलं अॅडेसिव्हही खरवडून टाका. टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत फट मोकळी हवी, नाहीतर ग्राउट नुसतं पावडर लावल्यासारखं वरवर बसतं.

सुतावरून_स्वर्ग
मी मापं घेणारा माणूस. अर्धी_फरशी, भिंतीची रुंदी सांगा, मग बोलू.

अर्धी_फरशी
समोरची भिंत २४३० मिमी. दाराकडची वेगळी आहे. टाइल्स मोजायचं काम उद्या करतो, व्हर्निअर भाच्याच्या कॉलेजच्या दप्तरात सापडलाय.

सुतावरून_स्वर्ग
छान. आता गंमत बघा. टाइल ३०० धरू, खरं माप एखाददोन मिमी कमी भरेल.

कोपऱ्यातून अख्खी टाइल लावत निघालात तर आठ टाइल्स म्हणजे २४००. उरले ३०. दोन मिमीचे आठ जॉइंट १६ मिमी खातात, राहते १४ मिमीची चिंधी. तीन मिमी लावलात तर जॉइंट २४ खातात, चिंधी ६ मिमीची. एवढी बारीक पट्टी सरळ कापणं महाकठीण, आणि ती बरोबर दारातून दिसते. मग मिस्त्री काय करतात? जॉइंट थोडे थोडे फाकवत नेतात आणि चिंधी गिळून टाकतात. स्पेसर नसेल तर हे कोणाला कळतही नाही. फक्त शेवटच्या दोन रेघा जाड दिसतात. वड्याचं तेल वांग्यावर.

उलट करा. भिंतीच्या मध्यावर ओळंबा सोडा, तिथे टाइलचा मध्य धरा. सात टाइल्स अख्ख्या, २१००. दोन मिमीचे आठ जॉइंट, १६. उरले ३१४. दोन्ही टोकांना १५७-१५७ची कापलेली टाइल. तीन मिमी लावलात तर १५३-१५३. कोपऱ्यातली फट यात धरलेली नाही, पण मुद्दा लक्षात आला असेल. दोन की तीन यामुळे कापात ४ मिमीचा फरक पडला, सुरुवात कुठून केली यामुळे चिंधीचा अर्धा टाइल झाला. भांडायचंच असेल तर यावर भांडा.

रेघोटी
हे वाचून आमच्या बाथरूममध्ये जाऊन आले. दाराच्या मागे चिंधी आहे. इतकी वर्षं ती मला डिझाइनची पट्टी वाटायची.

टपटप
रेघोटी, आपण दोघी डिझाइनवाल्या.

कड_आणि_कोपरा
सगळे नियमांवर बोलताहेत म्हणून जरा उलट बाजू. झेलीज टाइल माहीत असेल, मोरोक्कोतली, हाताने घडवलेली, वेडीवाकडी. मापातला फरक भरपूर. तुमच्या तिप्पटच्या हिशोबाने तिला चांगला जाड जॉइंट हवा. प्रत्यक्षात ती जवळजवळ टाइलला टाइल भिडवून लावतात, फार तर एक-दोन मिमी. आणि तीच तिची शोभा. जाड रेघा दिल्या तर वेडेवाकडेपणा ठळक होऊन बसतो. तेव्हा "आकडा मापातूनच निघतो" हे काही मला पटलेलं नाही. काही वेळा तो नजरेतून निघतो.

करणी_ओळंबा
मान्य. पण झेलीज लावणारा एकेक टाइल हातात घेतो, फिरवून बघतो, नाही जमली तर बाजूला ठेवून दुसरी उचलतो. शिवाय तिथे रेघा सरळ असाव्यात अशी कोणाची अपेक्षाच नसते. छापील रेषांची चकचकीत सिरॅमिक टाइल आणि सरळ ओळी, इथे ती सूट मिळत नाही.

कड_आणि_कोपरा
हे बरोबर. तरी वाक्य "बहुतेक वेळा मापातून" असं करा.

करणी_ओळंबा
केलं.

शून्य_जॉइंट
गुण्याशेठ, जाऊन आलो. सकाळी, उजेडात.

खालच्या चार ओळी सुतासारख्या सरळ आहेत. पाचवीपासून उभी रेघ डावीकडे झुकायला लागते. छताशी साधारण ४ मिमी. मी १२ वर्षं रोज त्या भिंतीकडे तोंड करून दात घासतोय, कधी दिसलं नव्हतं. आता दुसरं काही दिसतच नाही. याबद्दल तुमचे आभार मानायचे की काय करायचं, ते ठरवतोय.

पण टाइल हललेली नाही, यावर ठाम आहे.

गुण्या
हलली नाहीच. लावतानाच तशी लागलीय. फट नसली की प्रत्येक टाइलचा ०.३-०.४चा जास्तपणा पुढच्या टाइलच्या डोक्यावर बसतो, आणि साठत जातो. तो जिरवायला जॉइंट हवा.

सुखरूप राहिलात त्यालाही कारण असेल. भिंत लहान असेल, मागचं बांधकाम जुनं, पुरतं वाळलेलं असेल. नवं प्लास्टर वाळताना आक्रसतं. काही सिरॅमिक टाइल्स ओल पिऊन वर्षानुवर्षं अगदी किंचित फुगतात, कारण भिंतीच्या साध्या टाइलची पाणी शोषायची टक्केवारी १०च्या वर असते, पोर्सेलेनची ०.५च्या आत. मागचं आक्रसतंय, पुढचं फुगतंय, मध्ये जागा नाही. मग एके दिवशी कुठेतरी दोन टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात. प्रत्येक घरात असं होतं असं नाही. होतं तेव्हा आवाज मोठा येतो.

नाचरी_रेघ
बायकोच्या अटीबद्दल कोणीच बोललं नाही. रेघ दिसू नये म्हणून फट बारीक करायची काय गरज? ग्राउटचा रंग टाइलच्या रंगाचा घ्या. पांढऱ्या टाइलला पांढरं नको, पिवळं पडलं की डोळ्यात भरतं. तुमच्या टाइलवर फिकट राखाडी रेषा आहेत ना, त्याच राखाडीचं एक पाऊल फिकट घ्या. माझ्याकडे २ मिमी आहे, तीन फुटांवरून रेघ शोधावी लागते. माझ्या बहिणीकडे १ मिमीच आहे, पण पांढऱ्या टाइलला गडद राखाडी ग्राउट. दारातूनच चौकटीची वही दिसते.

आणि दुकानातल्या रंगपट्टीवर विश्वास ठेवू नका. दोन टाइल-तुकडे स्पेसर लावून पुठ्ठ्यावर चिकटवा, ग्राउट भरा, दोन दिवसांनी उजेडात बघा. ओलं असताना ते बरंच गडद दिसतं.

अर्धी_फरशी
बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला. "मी हेच म्हणत होते" असं उत्तर आलं. ती हे म्हणत नव्हती, पण मी काही बोललो नाही.

निशाचर
शहाणे आहात.

करणी_ओळंबा
नाचरी_रेघ यांच्या सूचनेत एक भर. चकचकीत ग्लेझवर वाळूवालं ग्राउट नको. चोळताना वाळूचे कण ओरखडे काढतात, तिरप्या उजेडात ते दिसतात. ३ मिमीपर्यंतच्या फटीला बिनवाळूचं, त्यापुढे वाळूवालं, ही ढोबळ वाटणी. मोठ्या फटीत बिनवाळूचं भरलं तर वाळताना आक्रसून तडे जातात. म्हणून ३च्या पुढे जायचं नाही, याला तुमच्या बाबतीत हे एक कारण आहेच.

इपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट) लावणार असाल तर डब्यावर फटीची किमान रुंदी लिहिलेली असते, ती आधी वाचा. इपॉक्सी चिकट, घट्ट असतं. १ मिमीच्या फटीत ते खोलवर ढकलणं म्हणजे सुईत दोर ओवणं. वर टाइलवर राहिलेलं वेळेत पुसलं नाही तर कायमचा धुरकट पापुद्रा.

गळती
एपॉक्सी लावली की पाण्याचा प्रश्न मिटला ना? मग जॉइंट किती का असेना.

टपटप
नाही हो. आमचा पाइप गळत होता तेव्हा आत सगळं ओलं होतंच ना. पाणी अडवायचं काम टाइलच्या मागच्या वॉटरप्रूफिंगचं. सिमेंटचं ग्राउट तर पाणी पितंच, इपॉक्सी कमी पितं एवढंच. तो थर नीट नसेल तर वर काहीही भरा.

कड_आणि_कोपरा
आणि दोन भिंती मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात ग्राउट भरूच नका. भिंत-जमीन मिळते तिथेही नाही. तिथे तीनेक मिमीची फट सोडून बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन. दोन भिंती वेगवेगळ्या हलतात, ग्राउट लवत नाही, त्या रेघेला वर्षभरात चीर जाते. टब असेल तर सिलिकॉन भरण्याआधी टबात पाणी भरून ठेवा. वजनाने टब खाली बसतो, त्या स्थितीत फट भरली की नंतर ताणून तुटत नाही.

सुतावरून_स्वर्ग
स्पेसरच्या मापाबद्दलही थोडं. मी हौसेने एकाच पाकिटातले २० मोजले होते. पाकिटावर २ मिमी. निघाले १.८ ते २.१. शिवाय काहींच्या कडेला साच्याची पातळ झालर राहिलेली. दहा ओळींना हा फरक साठला तर रेघ दोन मिमीने इकडे-तिकडे. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची पाकिटं एका भिंतीवर मिसळायची नाहीत, झालर नखाने काढायची आणि दर दोन ओळींनी लेव्हल धरायचीच. स्पेसरने फट राखली जाते, लेव्हल नाही.

पहिली ओळ जमिनीवर टेकवून सुरू करू नका. बाथरूमच्या जमिनीला पाण्याचा उतार असतो, तो पहिल्या ओळीत चढतो आणि तिथून छतापर्यंत जातो. दुसऱ्या ओळीच्या तळाशी सरळ पट्टी लेव्हलमध्ये ठोका, तिथून वर चढा. खालची ओळ शेवटी, उताराप्रमाणे कापून. तिथे क्रॉस चालत नाही, पाचरीसारखे वेज लावा, सरकवून हवी तेवढी उंची मिळते.

मधली_सुट्टी
मला वाटलं होतं स्पेसर म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. इथे तर अख्खं शास्त्र निघालं.

उगाच
आणि आपण काड्या उपसत होतो.

अर्धी_फरशी
मोजमाप झालं. सविस्तर लिहितो, कारण धक्का बसलाय.

सहा पेट्यांतून दोन-दोन अशा १२ टाइल्स काढून ओट्यावर उभ्या केल्या. नख फिरवलं. आठ टाइल्स जवळजवळ सारख्या, पण चार सरळ वर डोकं काढून उभ्या. उंचातली उंच आणि बुटकी यांत १.३ मिमी! तिप्पट म्हणजे जवळजवळ ४. मेहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग भाच्याच्या लक्षात आलं, की उंच चारही एकाच जोडीच्या पेट्यांमधल्या. पेट्यांवरचं छापील बघितलं. शेड सगळ्यांवर तीच, पण शेजारी एक छोटा आकडा असतो, तो या दोन पेट्यांवर वेगळा होता.

करणी_ओळंबा
कॅलिबर. भाजून झाल्यावर टाइल्स मापाप्रमाणे निवडून गटात टाकतात, त्या गटाचा तो आकडा. शेड सगळे बघतात, कॅलिबर कोणी बघत नाही. त्या दोन पेट्या बदलून घ्या. आणि भाच्याला व्हर्निअरसकट सलाम.

अर्धी_फरशी
बदलून आणल्या. दुकानदाराने आधी "चालतं हो एवढं" म्हणून पाहिलं, मग पेटीवरचा आकडा दाखवल्यावर गप्प दिल्या. पुन्हा १२ काढल्या, पुन्हा नख. आता उंचीत ०.६, रुंदीत ०.४. कड किंचित गोल आहे, म्हणजे रेक्टिफाइड नाही. तिप्पट १.८. म्हणजे २ मिमी. बरोबर ना?

गुण्या
बरोबर. जरा जास्त सुरक्षित हवं तर ३ही चुकणार नाही, पण कड गोल आहे म्हणता, ३ लावलात तर रेघ पाचेक मिमीची दिसेल आणि घरात शांतता राहणार नाही. दोनच.

शून्य_जॉइंट
मिस्त्रींना काय सांगितलंत? खरा अवघड भाग तोच आहे.

अर्धी_फरशी
काही सांगितलं नाही. ओट्यावर टाइल्स तशाच उभ्या ठेवल्या आणि त्यांनाच नख फिरवायला सांगितलं. दोनदा फिरवलं. मग म्हणाले, "भिडवून लावली तर वर जाऊन भांडणार या." आणि स्वतःच दोनचे स्पेसर घेऊन आले. माणूस कामाचा पक्का आहे, त्याला आजवर कोणी टाइल मोजून दाखवली नव्हती इतकंच.

टपटप
शाबास. जास्तीच्या टाइल्स किती ठेवल्यात? चार म्हणू नका.

अर्धी_फरशी
अख्खी पेटी. कॅलिबर बघून.

(तीन आठवड्यांनंतर)

अर्धी_फरशी
काम संपलं, म्हणून धागा वर काढतोय. मध्यावरून सुरुवात केली, दोन्ही टोकांना अर्धी अर्धी टाइल आली. २ मिमी, बिनवाळूचं फिकट राखाडी ग्राउट, कोपऱ्यांना त्याच रंगाचं सिलिकॉन. उभ्या रेघा छतापर्यंत सरळ. मी रात्री टॉर्च लावून तपासल्या, गुण्यांचा आवाज कानात होता.

एक कबुली. नळाच्या पाइपामागे हात पोचत नव्हता, तिथला एक स्पेसर आत राहिला. त्यावरून ग्राउट गेलं. आत्ता तरी काही दिसत नाही.

करणी_ओळंबा
दिसेल. घाबरू नका, एकच आहे. दिसला की टोकदार हत्याराने उकरून काढा आणि तेवढंच ग्राउट भरा. थोडं ग्राउट शिल्लक ठेवलंय ना, आणि त्याला घातलेल्या पाण्याचं प्रमाण लिहून ठेवलंय ना? पाणी कमी-जास्त झालं की रंग बदलतो.

अर्धी_फरशी
डब्यावरच लिहून ठेवलंय. आता जमीन उरली. टाइल ३०० × ३००, मॅट. तिथेही दोनच ना? भिंतीच्या रेघा आणि जमिनीच्या रेघा जुळल्या तर छान दिसेल.

सुतावरून_स्वर्ग
थांबा थांबा. जमिनीला ३ लावायची रीत आहे, ब्रिटिश मानकही तेच सांगतं. पण भिंतीला २ आणि जमिनीला ३ म्हणजे प्रत्येक जॉइंटला १ मिमीची तूट, सात जॉइंटांत ७ मिमी. रेघा जुळणार नाहीतच, उलट "जुळवायला गेले आणि हुकले" असं दिसेल. एक तर जमिनीची टाइल तिरपी किंवा वेगळ्या मापाची घ्या, म्हणजे तुलनाच नाही. नाहीतर आधी टाइल्स मोजा. नवीन धागा काढा, इथे आता २ मिमी पण जागा नाही.

उगाच
उरलेले स्पेसर शून्य_जॉइंट यांना पाठवून द्या.

शून्य_जॉइंट
पाठवा. दुसरं बाथरूम पुढच्या महिन्यात काढतोय.